दिवा उशिरा का लागत होता? रडार सेन्सरच्या आउटपुट फॉरमॅटचं एक प्रकरण

गोदामातला एक चौक, जिथे दोन मार्गिका काटकोनात छेदतात. दोन्ही बाजूंना छताला टेकलेले रॅक, त्यामुळे एका मार्गिकेतून येणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चालकाला दुसऱ्या मार्गिकेतलं काहीच दिसत नाही. कोपऱ्यात उंचावर एक मिलिमीटर-वेव्ह रडार सेन्सर, त्याच्या मागे छोटा लिनक्स संगणक आणि चौकाच्या मधोमध लाल दिवा. दोन्ही मार्गिकांत एकाच वेळी काही हलताना दिसलं की दिवा लागायचा, चालकांनी वेग कमी करायचा. एवढंच काम.

तक्रार अशी होती की गर्दीच्या वेळी दिवा उशिरा लागतो. कधी कधी फोर्कलिफ्ट चौक ओलांडून गेल्यावर लागतो आणि मग रिकाम्या चौकावर जळत राहतो. सकाळी माल उतरायला सुरुवात होण्याआधी सगळं सुरळीत असतं. बसवण्याआधीच्या चाचणीतही काही वावगं दिसलं नव्हतं: दोन माणसं समोरून चालली, दिवा लागला, कागदावर सही झाली.

आणखी एक गोष्ट होती, पण ती तक्रार म्हणून कुणी मांडली नव्हती. रात्रीच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींत, ‘खराब फ्रेम’ या ओळीचा खच पडायचा; फ्रेम म्हणजे सेन्सरने एका वेळी टिपलेलं दृश्य. गोदाम बंद, सगळीकडे सामसूम, तरी फ्रेम खराब. साइटवरच्या इंजिनिअरला विजेच्या गोंगाटाचा संशय आला होता. मी पोहोचलो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य हेच होतं, “सर, शील्डवाली केबल टाकून झाली, अर्थिंग तपासून झालं. रात्रीचं आहे तसंच आहे.”

केबलचा यात काही दोष नव्हता. दिवसाचा उशीर आणि रात्रीचा कचरा, दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी निघालं. सेन्सरने काय बाहेर पाठवायचं आणि कोणत्या साच्यात, हे कुणी विचार करून ठरवलंच नव्हतं; ते आपोआप ठरून गेलं होतं.

सेन्सरकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं

सेन्सरमधली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयडब्ल्यूआर६८४३, म्हणजे ६० ते ६४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली. फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअर संचातल्या नमुना प्रोग्रामवर बेतलेलं होतं, त्यात मॉड्यूल पुरवणाऱ्याने स्वतःची थोडी भर घातली होती. सेकंदाला १० फ्रेम. अंतराचे २५६ कप्पे, प्रत्येक साधारण ८ सेंटिमीटरचा, म्हणजे वीस मीटरपर्यंतची नजर. वेगाचे १६ कप्पे. तीन प्रक्षेपक अँटेना आळीपाळीने, चार ग्राहक अँटेना एकदम.

अशा सेन्सरच्या पोटात एकाच दृश्याची अनेक रूपं तयार होतात. सगळ्यात आधी अँटेनाकडून आलेले कच्चे नमुने, मग फूरिए रूपांतरानंतर (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणितानंतर) अंतरानुसार मिळालेली ताकद, मग अंतर आणि वेग यांचा जोड-नकाशा, ज्याला सगळे हीटमॅप म्हणतात. त्यातून गोंगाटापेक्षा वर डोकं काढणारे बिंदू निवडले जातात, म्हणजेच पॉइंट क्लाउड. आणि हवं असेल तर त्या बिंदूंचे गट बांधून माग काढलेल्या वस्तू. आउटपुट फॉरमॅट ठरवणं म्हणजे आधी यातलं कोणतं रूप बाहेर काढायचं ते ठरवणं. बाइट कसे मांडायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

कच्चे नमुने का नकोत, याचा हिशेब एका ओळीचा आहे. २५६ नमुने, ४ ग्राहक, प्रत्येक नमुन्याला ४ बाइट, म्हणजे एका चर्पमागे (वारंवारता चढत जाणाऱ्या एका रडार-लहरीमागे) ४,०९६ बाइट. तीन प्रक्षेपकांचे मिळून ४८ चर्प एका फ्रेममध्ये, सेकंदाला १० फ्रेम: जवळपास २० लाख बाइट दर सेकंदाला. हे सीरियल तारेवरून जाणं शक्यच नाही. त्यासाठी एलव्हीडीएस या वेगवान जोडणीची वेगळी वाट आणि वेगळं कॅप्चर कार्ड लागतं. संशोधनासाठी ते ठीक, दिवा लावण्यासाठी नाही.

या चिपच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘डीएफई-डेटा-आउटपुट-मोड’ नावाची एक आज्ञा आहे. फॉरमॅट शोधायला निघालेला प्रत्येक जण आधी तिच्यापाशी थांबतो. तिचा या कामाशी संबंध नाही. चर्प फ्रेमच्या साच्यात सोडायचे की सलग, एवढंच ती सांगते. तारेवरून काय जाईल ते ठरवते ‘जीयूआय-मॉनिटर’ ही आज्ञा. तिच्यापुढे सात आकडे असतात. पहिला उपफ्रेमचा, बाकीचे क्रमाने: सापडलेले बिंदू, अंतराचा आलेख, गोंगाटाचा आलेख, दिशेचा हीटमॅप, अंतर-वेगाचा हीटमॅप आणि आकडेवारी. साइटवरच्या फाइलमध्ये ही ओळ अशी होती:

जीयूआय-मॉनिटर -१ १ १ ० ० १ १

म्हणजे बिंदू चालू, अंतराचा आलेख चालू, अंतर-वेगाचा हीटमॅप चालू, आकडेवारी चालू. हे कुठून आलं ते विचारल्यावर उलगडा झाला. सुरुवातीच्या प्रयोगांत ब्राउझरमधल्या चित्रदर्शक प्रोग्राममध्ये सगळ्यांना रंगीत हीटमॅप बघायचा होता. त्या चौकटीवर टिक केली होती. त्याच प्रोग्रामने बनवलेली फाइल ‘चालते आहे, हात लावू नका’ म्हणून तशीच पुढे गेली. लिनक्स संगणकावरचा प्रोग्राम हीटमॅप वाचायचा आणि फेकून द्यायचा.

बाइटांचा हिशेब

या फर्मवेअरचं एक पॅकेट, म्हणजे एका फ्रेमच्या माहितीचा गठ्ठा, ४० बाइटच्या हेडरने (सुरुवातीच्या ओळख-तुकड्याने) सुरू होतं. त्यातले पहिले ८ बाइट ओळखीची खूण: ०२ ०१ ०४ ०३ ०६ ०५ ०८ ०७. त्यानंतर चार-चार बाइटचे आठ आकडे: आवृत्ती, पॅकेटची एकूण लांबी, चिपचा प्रकार, फ्रेम क्रमांक, प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, सापडलेल्या बिंदूंची संख्या, पुढे येणाऱ्या टीएलव्हींची संख्या, उपफ्रेम क्रमांक. सगळं लिटल एंडियन, म्हणजे लहान वजनाचा बाइट आधी.

टीएलव्ही म्हणजे प्रकार, लांबी आणि मजकूर असा तुकडा. प्रकाराला ४ बाइट, लांबीला ४ बाइट, मग मजकूर. बिंदूंच्या तुकड्यात प्रत्येक बिंदूला १६ बाइट: एक्स, वाय, झेड आणि वेग, चारही फ्लोट, म्हणजे ४ बाइटचे दशांश आकडे. त्यासोबतच्या तुकड्यात प्रत्येक बिंदूची सिग्नल-गोंगाट तुलना आणि गोंगाटाची पातळी, मिळून ४ बाइट. म्हणजे बिंदूमागे २० बाइट. अंतराचा आलेख २५६ गुणिले २, ५१२ बाइट. आकडेवारी २४. हीटमॅप २५६ गुणिले १६ गुणिले २, म्हणजे ८,१९२ बाइट.

हेडर आणि पाच टीएलव्हींची डोकी धरून बिंदू सोडून पॅकेट होतं ८,८०८ बाइटचं. शेवटी पॅकेटची लांबी ३२ च्या पटीत बसवण्यासाठी रिकामे बाइट जोडले जातात.

आता तार. डेटाचा सीरियल पोर्ट ९,२१,६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटच्या वेगावर, होता. प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९२,१६० बाइट. दर १०० मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला ९,२१६ बाइट.

८,८०८ वजा जाता उरले ४०८. बिंदूमागे २० बाइट, म्हणजे २० बिंदू. विसाव्या बिंदूला पॅकेट रिकामे बाइट धरून बरोब्बर ९,२१६ चं होतं, तारेत एका बाइटचीही जागा उरत नाही. एकविसावा बिंदू आला की पॅकेट पुढच्या फ्रेमच्या वेळेत घुसतं.

चाचणीच्या वेळी दोन माणसं चालली होती. माणूस अशा सेन्सरला चार-सहा बिंदूंचा दिसतो. फोर्कलिफ्ट म्हणजे कोपरेच कोपरे असलेलं लोखंड, वर हलणारा मास्ट. तीन फोर्कलिफ्ट समोर आल्या की ६० बिंदू सहज येतात. चाचणी खोटी नव्हती, ती नेमकी त्या टप्प्यात झाली होती जिथे बिघाड दिसणं शक्यच नव्हतं.

६० बिंदूंचं पॅकेट १०,०१६ बाइटचं होतं आणि त्याला तारेवर १०८.७ मिलिसेकंद लागतात. दर फ्रेमला ८.७ मिलिसेकंदांची तूट. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण मॉड्यूल पुरवणाऱ्याने फर्मवेअरमध्ये घातलेली भर नेमकी इथे आड आली: पाठवायची पॅकेट १६ जणांच्या रांगेत उभी राहायची. टाकीत येणारी धार जाणाऱ्या धारेपेक्षा किंचित जाड असली तरी टाकी भरतेच. इथे ती २० सेकंदांत भरत होती. रांग भरली की शेवटच्या पॅकेटला तारेपर्यंत पोहोचायला १.७ सेकंद लागायचे. सेकंदाला २ मीटरने जाणारी फोर्कलिफ्ट तेवढ्यात साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. चौक संपलेला असतो.

त्यातही वाईट म्हणजे रांग भरल्यावर फर्मवेअर नवीन आलेलं पॅकेट टाकून द्यायचं आणि जुनी सांभाळून ठेवायचं. बँकेच्या व्यवहारांना हा नियम योग्य असेल. सेन्सरला तो उलटा हवा: जुनं गेलं तरी चालेल, ताजं गेलं तर नाही.

आणि गर्दी ओसरल्यावरही सुटका लगेच नाही. तीन बिंदूंचं पॅकेट ८,८९६ बाइटचं, त्याला ९६.५ मिलिसेकंद लागतात. दर फ्रेमला जेमतेम साडेतीन मिलिसेकंदांची सवड. भरलेली रांग रिकामी व्हायला ४५ सेकंदांच्या आसपास लागतात. रिकाम्या चौकावर दिवा का जळत राहायचा, ते इथे कळलं. तो जुनं दृश्य दाखवत होता.

लॉग सगळं वेळेवर झाल्याचं सांगत होता

हे इतके दिवस कुणाच्या लक्षात का आलं नाही, हा प्रश्न मला मूळ बिघाडापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. लिनक्सवरचा प्रोग्राम प्रत्येक पॅकेटवर ते हाती पडलं तेव्हाची वेळ मारायचा. पॅकेट आलं, वेळ पडली, दहा-वीस मिलिसेकंदांत दिवा लागला. लॉग वाचणाऱ्याला वाटणार, सगळं चोख आहे. पॅकेटमधलं दृश्य पावणेदोन सेकंद शिळं आहे, हे त्या वेळेत कुठेच दिसत नाही.

खरी वेळ पॅकेटच्या आतच होती. फ्रेम क्रमांक गुणिले १०० मिलिसेकंद हे सेन्सरचं घड्याळ. हाती पडल्याची वेळ वजा हे घड्याळ, असा फरक काढून आलेखावर मांडला तेव्हा चित्र लख्ख दिसलं: सकाळी सपाट रेघ, काम सुरू झाल्यावर चढण, १.७ सेकंदांना माथा, दुपारच्या सुट्टीत उतरण. माथ्यावर असताना फ्रेम क्रमांकांत ठरावीक अंतराने खिंडार. दर बारा-तेरा फ्रेममागे एक गायब. हिशेबही तेच सांगतो: सेकंदाला १० फ्रेम तयार होतात, ९.२ बाहेर पडतात.

हेडरमधले प्रोसेसरचे ठोके वापरायचा मोह होतो, पण ते घड्याळ २०० मेगाहर्ट्झचं आणि आकडा ३२ बिटचा, म्हणून तो दर २१.५ सेकंदांनी शून्यावर येतो. फ्रेम क्रमांक त्यापेक्षा सरळ. मात्र दोन यंत्रांच्या घड्याळांच्या स्फटिकांत थोडा फरक असतोच. समजा दशलक्षात ४० भागांचा असेल, तर दिवसाला साडेतीन सेकंद होतात. म्हणून हा फरक दिवसभर एकाच शून्यापासून मोजून चालत नाही. मागच्या पंधरा मिनिटांतला सर्वांत कमी फरक तात्पुरता शून्य धरायचा आणि त्याच्या वर किती चढलं ते बघायचं.

आणि खरं सांगायचं तर इतकंही करायची गरज नव्हती. आकडेवारीच्या टीएलव्हीत सहा आकडे असतात. त्यातला दुसरा म्हणजे आउटपुट पाठवायला लागलेला वेळ, मायक्रोसेकंदांत. तो गर्दीच्या वेळी १,०८,७०० च्या आसपास ओरडून सांगत होता. प्रोग्राम तो वाचत होता आणि कुठेही लिहीत नव्हता.

रात्रीच्या खराब फ्रेम

आता ते दुसरं प्रकरण. लिनक्सवरचा पार्सर, म्हणजे पॅकेट उलगडणारा भाग, टीएलव्ही त्यांच्या प्रकारावरून नाही, तर रांगेतल्या जागेवरून ओळखायचा. पहिला म्हणजे बिंदू, दुसरा म्हणजे बिंदूंची गुणवत्ता, तिसरा अंतराचा आलेख, चौथा हीटमॅप, पाचवा आकडेवारी. लिहिणाऱ्याने समोर आलेलं पॅकेट पाहून लिहिलं होतं आणि त्या पॅकेटमध्ये खरोखरच तसं होतं.

पण या फर्मवेअरमध्ये एकही बिंदू सापडला नाही, तर बिंदूंचा टीएलव्ही पाठवलाच जात नाही, आणि गुणवत्तेचाही नाही. स्थिर वस्तू गाळण्याची सोय चालू होती, त्यामुळे रात्री रॅक आणि भिंती दिसायच्याच नाहीत. रिकामं गोदाम म्हणजे शून्य बिंदू, म्हणजे पाचऐवजी तीन टीएलव्ही. पार्सर पाचवा मागायचा, तो नसायचा, अपवाद (एरर) उठायचा. तो झेलणाऱ्या ओळीने सरसकट एकच शिक्का मारला होता: खराब फ्रेम.

म्हणजे ‘इथे कुणी नाही’ हा सेन्सरचा अगदी स्पष्ट निरोप बिघाड म्हणून नोंदला जात होता. याचा दुसरा अर्थ जास्त काळजीचा आहे. उद्या केबल खरंच खराब झाली असती, तर लॉग तसाच दिसला असता आणि दिवाही तसाच विझलेला.

हीटमॅप बंद करून बघितला तेव्हा ही मेख भर दिवसा समोर आली. जीयूआय-मॉनिटरमधले दोन आकडे शून्य केले, उशीर तर गेला, पण दिवाच लागेना. आता प्रत्येक पॅकेटमध्ये तीनच टीएलव्ही होते, त्यामुळे प्रत्येक फ्रेम ‘खराब’ ठरत होती. चौकात दोन फोर्कलिफ्ट समोरासमोर आणि दिवा गप्प. आउटपुट फॉरमॅट हा सेन्सरचा एकट्याचा मामला नसतो. तो दोघांतला करार आहे, आणि एका बाजूने कलम बदललं की दुसऱ्या बाजूचा हिशेब कोसळतो.

काय बदललं

नवी ओळ अशी झाली:

जीयूआय-मॉनिटर -१ १ ० ० ० ० १

बिंदू, गुणवत्ता आणि आकडेवारी. ६० बिंदूंचं पॅकेट आता १,३१२ बाइटचं, तारेवर १४ मिलिसेकंद. दोनशे बिंदू आले तरी ४,०९६ बाइट, ४५ मिलिसेकंदांच्या आत. उद्या कुणी सेकंदाला २० फ्रेम मागितल्या तरी तारेत जागा आहे, पण दोनशे बिंदूंपाशी ती जवळजवळ संपते, हे कागदावर लिहून ठेवलं.

आकडेवारी का ठेवली? २४ बाइटमध्ये सेन्सर स्वतःची प्रकृती सांगतो. ते बंद करून वाचतं काय?

बॉड रेट वाढवण्याचा पर्याय चर्चेत आला होता. मी विरोध केला. मधल्या यूएसबी-सीरियल पुलांना ठरावीक कमाल वेग असतो, केबल लांब होती, आणि मुख्य म्हणजे जो माल कुणी घेत नाही तो वेगाने पोहोचवण्यात काय हशील?

कॉन्फिगरेशन पाठवणारी स्क्रिप्टही तपासली. आज्ञा वेगळ्या पोर्टवरून १,१५,२०० बॉडने जातात आणि प्रत्येक ओळीला सेन्सर होकार किंवा चूक असं उत्तर देतो. जुनी स्क्रिप्ट उत्तर न वाचताच पुढची ओळ ढकलायची. आता होकार आल्याशिवाय पुढे जात नाही. त्याहून भरवशाची खातरजमा दुसऱ्या टोकाला ठेवली: सेन्सर सुरू झाल्यावर पहिल्या काही पॅकेटांमधले टीएलव्हींचे प्रकार अपेक्षित यादीशी जुळतात का, ते लिनक्सवरचा प्रोग्राम बघतो. फाइलमध्ये काय लिहिलं आहे यापेक्षा तारेवर काय आलं, तेच खरं.

पार्सर नव्याने लिहिला. प्रकार वाचायचा, ओळखीचा असेल तर उलगडायचा, अनोळखी असेल तर लांबीइतकं पुढे सरकायचं. याच चिपच्या काही सॉफ्टवेअर आवृत्त्यांत तापमानाचा टीएलव्हीही जोडलेला असतो. जागेवर भिस्त ठेवणारा पार्सर तिथेही आपटला असता. लांबीच्या आकड्यात टीएलव्हीचे स्वतःचे ८ बाइट धरलेले आहेत की नाहीत, हे मात्र आपापल्या फर्मवेअरचं बघूनच ठरवायचं. दोन्ही प्रकार वापरात आहेत. इथे धरलेले नव्हते.

ओळखीची खूण सापडली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. एकूण लांबी ३२ च्या पटीत आहे का, आणि तेवढं पुढे गेल्यावर पुन्हा तीच खूण आहे का, हे बघितल्यावरच पॅकेट पक्कं. या फॉरमॅटमध्ये चेकसम, म्हणजे वाटेत बाइट बिघडले का ते पडताळणारा आकडा, नाही. मॉड्यूल पुरवणाऱ्याकडून एक जास्तीचा टीएलव्ही घालून घेतला, त्यात ४ बाइटचा सीआरसी, म्हणजे तसाच पडताळणीचा आकडा. एकूण १२ बाइट वाढले. ६० बिंदूंच्या पॅकेटमध्ये ते शेवटच्या रिकाम्या बाइटांतच मुरले, लांबी बदललीही नाही.

रांग १६ वरून २ वर आणली आणि भरली तर जुनं टाकायचं असा नियम केला. रिकामी फ्रेम ही आता वैध फ्रेम आहे, ‘सेन्सर जिवंत आहे, समोर कुणी नाही’ या अर्थाची. अर्ध्या सेकंदात एकही वैध फ्रेम आली नाही तर दिवा लुकलुकतो. विझलेला दिवा म्हणजे सुरक्षित चौक असं चालक धरतात. सेन्सरच बंद पडला असेल तेव्हा विझलेला दिवा दाखवायचा अधिकार यंत्रणेला नाही.

हीटमॅपची फाइल फेकली नाही. ती वेगळ्या नावाने ठेवली, सेकंदाला ५ फ्रेमवर. काही विचित्र दिसलं की काम थांबवून ती चढवायची, चित्र बघायचं, उतरवायची.

फ्लोट की पूर्णांक

एक वाद मध्येच उपटला आणि तो रंगला. बिंदूमागे २० बाइट कशाला? याच चिपसाठी लिहिलेल्या माणसं मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये एक बिंदू ८ बाइटमध्ये बसवलेला असतो: उंचीचा कोन १ बाइट, दिशेचा कोन १ बाइट, वेग, अंतर आणि सिग्नलची तुलना प्रत्येकी २ बाइट, आणि प्रत्येकाचं एकक पॅकेटच्या सुरुवातीला एकदाच. या सॉफ्टवेअर संचाच्या जुन्या आवृत्त्यांतही एक्स, वाय, झेड १६ बिटच्या पूर्णांकांत येत आणि एका मीटरचे किती भाग ते सोबत सांगितलेलं असे. नऊ बिट अपूर्णांकाला म्हणजे मीटरचे ५१२ भाग, जवळपास २ मिलिमीटरचा एक.

तांत्रिकदृष्ट्या हे म्हणणं बरोबर आहे. ज्या सेन्सरला ८ सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, त्याने सात अंकी अचूकतेचा फ्लोट पाठवणं हा नुसता थाट आहे. तरी इथे फ्लोटच ठेवले. तारेचा सातवा हिस्साही वापरला जात नव्हता, आणि फ्लोटमध्ये एकक विसरण्याची सोय नाही: मीटर म्हणजे मीटर. जुन्या आवृत्तीचे पूर्णांक नव्या आवृत्तीत फ्लोट झाले तेव्हा ज्यांनी पार्सर बदलला नाही, त्यांना बिंदू दिसत राहतात, फक्त भलत्याच ठिकाणी. हेडरमधला आवृत्तीचा आकडा याचसाठी असतो. आता प्रोग्राम तो तपासतो आणि ओळखीचा नसेल तर सुरूच होत नाही.

आणि मग कॅन बस

उशीर गेल्यावर पुढची मागणी आली. दिव्यासोबत हीच माहिती फोर्कलिफ्ट चार्ज होतात तिथल्या फाटकाच्या नियंत्रकाला हवी होती, आणि त्याला फक्त कॅन बस, म्हणजे वाहनांत आणि यंत्रांत वापरली जाणारी संदेशांची सामाईक तार, कळते. ५०० किलोबिटची साधी कॅन, एका संदेशात जास्तीत जास्त ८ बाइट.

इथे मात्र फ्लोट परवडत नाहीत. दोन फ्लोटांतच संदेश संपतो. आणि नियंत्रकाला बिंदू नकोच होते, त्याला वस्तू हव्या होत्या. म्हणून बिंदूंचे गट लिनक्सवर बांधले आणि एका वस्तूला एक संदेश दिला: ओळख क्रमांक १ बाइट, एक्स आणि वाय प्रत्येकी २ बाइट, सेंटिमीटरमध्ये, चिन्हासह, दोन्ही दिशांचे वेग प्रत्येकी १ बाइट, ०.१ मीटर प्रतिसेकंदाच्या पटीत, म्हणजे उणे-अधिक साडेबारा मीटरपर्यंत. शेवटचा बाइट वस्तू किती फ्रेम दिसते आहे त्याचा. आठ वस्तू आणि त्यांच्याआधी फ्रेम क्रमांक व वस्तूंची संख्या सांगणारा एक संदेश, सेकंदाला ९० संदेश. बसचा अडीच टक्केही भार नाही.

पहिल्याच जोडणीत नियंत्रकाने ३ मीटरवरची वस्तू ११२ मीटर ६५ सेंटिमीटरवर दाखवली. ३०० हा आकडा दोन बाइटमध्ये ४४ आणि १ असा जातो. उलट वाचला तर ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५. बाइटांचा क्रम त्याच्या बाजूला मोटोरोला पद्धतीचा (मोठ्या वजनाचा बाइट आधी) लावलेला होता, इकडून इंटेल पद्धतीने (लहान वजनाचा आधी) जात होता. डीबीसी फाइलमध्ये, म्हणजे कॅन संदेशांची मांडणी सांगणाऱ्या फाइलमध्ये, बाइटांचा क्रम बदलून काम झालं. हा घोळ शून्याने किंवा उणे एकने चाचणी घेतली तर पकडलाच जात नाही, कारण ते उलटेसुलटे कसेही वाचले तरी तेच राहतात. म्हणून आता जोडणीच्या चाचणीत वस्तू ३ मीटरवर आणि दुसरी डाव्या हाताला, म्हणजे उणे बाजूला, दीड मीटरवर ठेवतात.

आठपेक्षा जास्त वस्तू आल्या तर फाटकाला सर्वांत जवळच्या आठ सांगायच्या की सर्वांत वेगाने येणाऱ्या आठ, यावर फाटकवाले आणि गोदामाचे सुरक्षा अधिकारी यांचं अजून जुळलेलं नाही. तोवर जवळच्या आठ जातात, आणि आधीच्या संदेशात वस्तूंची खरी संख्या, आठपेक्षा जास्त असली तरी, तशीच पाठवली जाते.